मधलं बटण

३ जून, मंगळवार

पडला! शंभरदा सांगितलं होतं, गठ्ठ्यांवर चढायचं तुझं वय राहिलं नाही. तरी चढला. गवताच्या गठ्ठ्यांच्या माथ्यावरून थेट खाली — उजव्या हातावर. हाड दोन जागी मोडलंय. बोटांपासून दंडापर्यंत प्लास्टर.

डॉक्टर म्हणाला, "मिस्टर हॅन्सकम, ऑगस्ट उजाडेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही."

यावर आमच्या डेल्मरने काय विचारावं? कधी बरा होईन — नाही. दुखेल का — नाही. "मग राणीत पेट्रोल कोण भरणार?"

डॉक्टरला वाटलं राणी म्हणजे मी! माझ्याकडे बघून गोरामोरा झाला बिचारा. म्हटलं, राणी म्हणजे आमची पिकअप. माझ्यात हा फक्त कॉफी भरतो.

५ जून, गुरुवार

आज पेट्रोल भरायचा पहिला धडा! जन्मभर टपालाची गाडी चालवलेल्या बाईला हा शिकवतो.

गावात पंप एकच, कोरीनचा. एक नळी, तीन बटणं. खालचं पंच्याऐंशी ऑक्टेनचं, मधलं सत्त्याऐंशी, वरचं एक्क्याण्णव. डेल्मर राणीत बसून खिडकीतून डोकं काढून ओरडतोय — "वरचं! आर्लिस, वरचं बटण! हात पुसून दाब!"

हात पुसून! चर्चमध्ये जाताना तरी पुसतो का हा?

कोरीन दुकानाच्या दारात उभी राहून हसत होती. वरचंच दाबलं. घरी येईपर्यंत याचं कौतुक चाललेलं — कसं इंजिन मऊ झालं, कसा तिचा गळा साफ झाला. म्हटलं, अरे, ती पिकअप आहे, चर्चमधली गाणारी बाई नाही.

९ जून, सोमवार

केचप सांडलं म्हणून कागदी रुमाल शोधायला राणीचा समोरचा खण उघडला. तळाशी गाडीचं मूळ पुस्तक! बहुतेक आजवर कुणी उघडलेलंच नव्हतं, पानं एकमेकांना चिकटलेली.

आणि त्यात स्वच्छ छापलंय — सत्त्याऐंशी. त्याहून कमी नको. त्याहून जास्त घातलंत तर काही विशेष फायदा नाही.

म्हणजे मधलं बटण! खालचंही नाही, वरचंही नाही.

जेवताना याच्या ताटाशेजारी पुस्तक उघडून ठेवलं. चष्मा लावून वाचलं, चष्मा काढला, मीटलोफचा घास घेतला.

"हे पुस्तक कारखान्यातल्या पोरांनी लिहिलंय. त्यांनी राणीला कधी चालवलीय?"

"अरे, त्यांनीच बनवलीय तिला!"

"बनवणं वेगळं, सांभाळणं वेगळं. माझे बाबा कायम वरचंच घालायचे."

"तुझे बाबा खोकल्यावर टर्पेंटाइन प्यायचे."

"आणि कधी खोकले का?"

झालं! पुस्तक परत खणात गेलं. त्यावर पुन्हा केचपच्या पुड्या.

१० जून, मंगळवार

अजून डोक्यात तेच. सत्त्याऐंशी!

१४ जून, शनिवार

केलं!

खरं तर ठरवलं नव्हतं. पंपावर गेले, नळी लावली, बोट वरच्या बटणाकडे निघालं — आणि अर्ध्या वाटेत थांबलं. डेल्मर गाडीत बसून समोर बघत होता. माझी कंबर देवाने एवढी रुंद का केली, हे मला आजवर कळलं नव्हतं. आज कळलं. पंपाच्या आणि त्याच्या मध्ये उभी राहिले, सगळा पंप झाकला गेला. मधलं बटण. टक्!

परत येऊन सीटवर बसले तेव्हा कान तापले होते. याला काही पत्ता नाही. खिडकीबाहेर बघत आपल्याशीच काहीतरी पुटपुटला, मग शीळ वाजवत बसला.

लहानपणी शेजाऱ्यांची गाजरं उपटली होती, त्यानंतर एवढी मजा आजच आली.

१५ जून, रविवार

चर्चनंतर नेहमीसारखे पॅनकेक खायला गेलो. लॉइड होताच. हे दोघं तरुणपणी एकाच खाणीत खडी फोडायच्या यंत्रावर होते, तेव्हापासून भांडतायत. लॉइड आपल्या पिकअपमध्ये पंच्याऐंशी घालतो. वर्षानुवर्षं. ते सांगताना छाती पुढे काढतो.

डेल्मर म्हणाला, "येताना ऐकलंस का राणीचा आवाज? लोणी! नुसतं लोणी! हे एक्क्याण्णवचं काम."

मी सिरपची बाटली घट्ट धरून ठेवली. हसू फुटू नये म्हणून.

लॉइड म्हणाला, "तू तिला शॅम्पेनच पाज ना. बर्फ घालून."

"तुझ्यासारखं गटाराचं पाणी नाही पाजत. पंच्याऐंशी घातलं तर माझी राणी एका मैलात खोकेल. आणि मी झोपेत असलो तरी ऐकेन."

"झोपेत तू फक्त घोरतोस," मी म्हटलं.

लॉइड इतका हसला की वाढणारी मुलगी पाण्याचा ग्लास घेऊन धावत आली. डेल्मरने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, असं वाटलं. असेल. कौतुकाने पाहिलं असेल.

२३ जून, सोमवार

पुन्हा मधलं! आता बोट आपोआप तिथेच जातं.

कोरीनने आज पकडलं. पैसे द्यायला आत गेले तर म्हणते, "काय गं, डेल्मर सुधारला?"

"त्याला माहीत नाही."

ती काउंटरवर ओणवी झाली. "अगं, मी एवढी वर्षं त्याला सांगतेय. लोकांना वाटतं आकडा मोठा म्हणजे पेट्रोल ताकदीचं. ताकदबिकद काही नाही त्यात! इंजिन आत पेट्रोल दाबतं ना, त्या दाबात ते किती दम धरतं, त्याचा आकडा आहे तो. कमी दमाचं असेल तर ठिणगीच्या आधीच भडकतं, मग इंजिन ठोकतं. ज्या इंजिनात दाब जास्त, त्याला दमाचं पेट्रोल लागतं. तुमची राणी साधीसुधी बाई आहे. तिला मधलं पुरतं."

"आणि खालचं? लॉइड घालतो ते?"

"आपल्याकडे उंचावर हवा पातळ म्हणून जुन्या गाड्या चालून जायच्या त्याच्यावर. एखाद दिवस रिकामी गाडी सपाटीला चालेलही. पण ओझं घेऊन चढावर जाऊ नये."

ऐकलं. सगळं नीट ऐकलं. हे इथे मुद्दाम लिहून ठेवते.

४ जुलै, शुक्रवार

मिरवणुकीत राणी! डेल्मरने तिला झेंडे लावले. मी चालवली, तो शेजारी बसून राजासारखा हात हलवत होता, प्लास्टरवर पोरांनी काढलेली चित्रं. चौकात लॉइड ओरडला, "डेल, आज काय पाजलंस?" हा ओरडला, "एक्क्याण्णव!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी समोर बघून गाडी चालवत राहिले. सत्त्याऐंशीवर मिळालेल्या टाळ्या!

१२ जुलै, शनिवार

याचं माझ्या बोलण्याकडे लक्ष म्हणून नसतं. आज स्वयंपाकघरातून म्हटलं, "बटाटे संपले."

हा खुर्चीतून उठून उभा राहिला. "बेट्टी संपली? कधी? परवा तर चर्चमध्ये होती!"

"बटाटे!"

"अरे देवा," म्हणाला आणि टोपी काढून छातीशी धरली.

पोट दुखेपर्यंत हसले. नंतर रागही आला. लग्नाआधी माझ्या एकेका शब्दासाठी हा माणूस कुंपणापाशी ताटकळत असायचा. आता मी काहीही बोलले तरी याच्या कानाशी वारा. वर मलाच म्हणतो, "मी बोलतो तेव्हा तू उत्तर देत नाहीस." घ्या! उलटा न्याय.

३० जुलै, बुधवार

आमच्या लेकीचा, जोलीनचा फोन. नातीला वर्लंडच्या जत्रेत घोडदौडीत उतरायचंय, आमची तांबडी घोडी हवी. घोडी एकटी गेली तर वाटभर लाथा झाडते, म्हणून सोबत म्हातारा करडा. म्हणजे दोन घोडे, ट्रेलर आणि बिगहॉर्नचा अख्खा घाट. शनिवारी निघायचं.

डेल्मर खूश. "आता कळेल राणी काय चीज आहे." सकाळपासून डाव्या हाताने ट्रेलरला ग्रीस लावतोय आणि त्यातलं निम्मं स्वतःच्या दाढीला.

जाताना नक्की वरचं भर, असं दहादा सांगून झालंय. दहादा!

१ ऑगस्ट, शुक्रवार

हे दहादा सांगणंच नडलं.

पंपावर गेले. मधलं दाबणारच होते. पण सकाळीच लॉइड भेटला होता, आणि डेल्मर पुन्हा त्याला तेच ऐकवत होता — "पंच्याऐंशीचा एक थेंब जरी राणीच्या पोटात गेला तरी मला झोपेत कळेल." म्हटलं, असं? कळेल? बघूच!

खालचं बटण दाबलं. टाकी भरून.

कोरीन नेमकी आत फोनवर होती. नाहीतर तिने मला झाडूनेच हाणलं असतं. परत येऊन सीटवर बसले, डेल्मर काहीतरी बोलला, राणी चालू केली आणि निघाले. उद्या घाटाच्या पायथ्याशी पहिल्या ठोक्यालाच हा उडी मारून उठेल. मग मी गाडी बाजूला घेईन आणि उन्हाळाभराचं सगळं सांगेन. हसू आवरत नाहीये!

कोरीनचं बोलणं आठवतं. पण एकच तर चढ आहे.

२ ऑगस्ट, शनिवार (वर्लंड, जोलीनकडे)

सगळे झोपले, आता लिहिते.

सकाळपासून ऊन. पायथ्यापर्यंत सगळं ठीक होतं. पहिला मोठा चढ लागला, मागे दोन घोडे आणि ट्रेलर. गिअर खाली घेतला, पाय दाबला — आणि सुरू झालं. पत्र्याच्या डब्यात गोट्या घालून कुणी खुळखुळावं तसा आवाज. आधी बारीक. मग चढ वाढला तसा मोठा. माझ्या पायाच्या तळव्याला जाणवत होता!

मी डेल्मरकडे बघितलं. आता उडी मारेल, आता!

तो पाठ टेकून बसला होता. चेहऱ्यावर हसू. प्लास्टरवर बोटांनी ताल धरलेला. माझ्याकडे वळून म्हणाला, "ऐकतेस ना? लोणी."

मला वाटलं माझी चेष्टा करतोय. त्याच्या डोळ्यांत बघितलं. चेष्टा नव्हती. राणी कण्हत होती, डबा फुटतोय की काय असं वाजत होतं, आणि हा माणूस — ज्याने आयुष्यभर लोकांच्या गाड्या नुसत्या आवाजावरून सांगितल्या, कुणाचा पट्टा सैल, कुणाचा पंप जाणार — हा समाधानाने डोंगर बघत होता.

हसू कुठल्या कुठे पळालं.

पाय हलका केला, अगदी हळूहळू वर घेतली. मागे लोकांची रांग लागली, हॉर्न वाजवत होते. त्यातल्या एकाही हॉर्नला याने मान वळवली नाही. वर गेल्यावर, हवा गार लागल्यावर, ठोके कमी झाले. माझ्या छातीतले नाही झाले.

घोडे सुखरूप आहेत. राणीही. जोलीनने विचारलं, "मॉम, एवढी पांढरी का पडलीस?" म्हटलं, ऊन लागलं.

३ ऑगस्ट, रविवार

नात तिसरी आली! डेल्मर उभा राहून ओरडला. जोलीन त्याच्या शेजारून म्हणाली, "डॅड, कॉफी आणू?" तो म्हणाला, "हो, हो, घोडी तांबडीच."

जोलीनने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

परतीला टाकीत राहिलेल्या त्या पेट्रोलावर एक्क्याण्णव ओतलं. शिक्षा म्हणून. कुणाला, ते माहीत नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

आज खात्री करून घेतली.

डेल्मर स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून पाखरं बघत होता. मी मागे चुलीपाशी. हळूच म्हटलं, "डेल, तुझ्या आईचा मीटलोफ मी दर वेळी टेबलाखालून कुत्र्याला घालायचे."

काही नाही.

जरा मोठ्याने, "तुझी निळी टोपी वाऱ्याने उडाली नव्हती. मी जाळली."

काही नाही! मला हसू फुटायला लागलं. हिंमत वाढली. "लॉइड तुझ्यापेक्षा देखणा आहे. सगळं गाव म्हणतं."

मान सुद्धा हलली नाही. मी तोंडावर फडकं धरून हसत होते. मग कसं कोण जाणे, तोंडातून निघालं, "तू पडलास त्या दिवशी मी फार घाबरले होते रे. तुला सांगितलं नाही."

तो पाखरं बघत राहिला.

फडकं तसंच तोंडावर धरून उभी राहिले. आता हसत नव्हते.

८ ऑगस्ट, शुक्रवार

सोमवारी प्लास्टर निघणार. निघालं की दवाखान्यातून घरी गाडी आपणच आणणार, असं जाहीर झालंय.

सांगायला हवं. पण कसं? "तुला ऐकू येत नाही" म्हटलं तर म्हणेल, तूच पुटपुटतेस. पुरावा काय? पुरावा तो घाट. आणि घाटाबद्दल सांगायचं तर पंच्याऐंशीबद्दल सांगावं लागेल.

आज तीनदा तोंड उघडलं. तीनदा काहीतरी भलतंच बोलले. एकदा तर हवा छान आहे म्हणाले — बाहेर धुळीचं वादळ होतं.

११ ऑगस्ट, सोमवार

आज मेलो असतो.

प्लास्टर निघालं. हात काटकीसारखा बारीक, पांढरा. डेल्मरने किल्ली मागितली, पोरासारखा चेहरा करून. मी दिली. का दिली! एवढ्या आनंदात होता, म्हणून दिली.

गावाआधी खडीच्या रस्त्यावर रेल्वेचे रूळ लागतात, तिथे फाटक नाही, दिवा नाही. कोळशाची गाडी लांबूनच भोंगा वाजवत येते, तोच आधार. झाडीमुळे दिसत काही नाही. आज मी शेजारच्या सीटवर. त्याने खिडकी उघडी ठेवलेली, डाव्या हाताचं कोपर बाहेर. भोंगा आला. मोठा, लांब. पुन्हा आला. राणी तशीच चाललेली.

"डेल!"

"हं, बघ, हात कसा छान वळतो—"

मी त्याच्या छातीवर थाड्कन हात मारला आणि दुसरा झाडीकडे रोखला. त्याने हात पाहिला, मग ब्रेक. खडीवर घसरत घसरत राणी थांबली. इंजिनाचं पिवळं तोंड झाडीतून बाहेर आलं आणि नाकासमोरून गेलं. त्यामागे कोळशाचे डबे. डबे, डबे, डबे! संपतच नव्हते.

त्या गदारोळात माझा बांध फुटला. जे पोटात होतं ते सगळं ओरडत सुटले. इतका आवाज होता की मला माझंच ऐकू येत नव्हतं. त्या पुस्तकाचं सांगितलं, कंबर आड करून दाबलेलं मधलं बटण, मिरवणूक, टाळ्या, सगळं! आणि शेवटी जीव खाऊन ओरडले, "आणि घाटात जाताना मी पंच्याऐंशी घातलं होतं!"

नेमका तेव्हाच शेवटचा डबा गेला. गाडी गेली आणि माझं एवढं एक वाक्य त्या शांततेत उरलं. कुंपणावरचा कावळासुद्धा उडाला.

डेल्मर रुळांकडे बघत होता. मला वाटलं, आता भडकणार. पंच्याऐंशी! राणीच्या पोटात!

पण त्याने ते विचारलंच नाही. हळू म्हणाला, "घाटात राणी ठोकत होती?"

"हो."

"किती?"

"डब्यात गोट्या घालून हलवाव्या तशी. वरपर्यंत."

"आणि मी काय म्हणालो?"

तो माझ्या ओठांकडे बघत थांबला. म्हणून सांगितलं. "लोणी म्हणालास."

दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसला, एक जाड, एक काटकी. मग इंजिन बंद केलं, खाली उतरला, पुढून वळसा घालून माझ्या दाराशी आला, दार उघडलं आणि किल्ली माझ्या मांडीवर ठेवली.

"सरक," म्हणाला.

१२ ऑगस्ट, मंगळवार

बोलत नाही. ओरडत असता तर बरं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आज राणीचं बॉनेट उघडून तिच्याजवळ उभा होता. चालू ठेवलेली. कान अगदी पत्र्याला लावलेला, जसा डॉक्टर छातीला लावतो. मी अंगणात कपडे वाळत घालत होते, चिमटे तोंडात.

मग आला. म्हणाला, "गेल्या वर्षापासूनच कमी येतंय. कदाचित त्याच्याही आधीपासून. मला वाटायचं जग जरा शांत झालंय. वय झालं की होतं, असं वाटलं. बरं वाटायचं."

चिमटे तोंडातून काढले. "मला का नाही सांगितलंस?"

"राणीचा आवाज ऐकू येत नाही, हे तुला सांगू? मग माझ्याकडे राहिलं काय?"

हातातली ओली चादर तशीच त्याच्या खांद्यावर टाकली आणि त्याच्यासकट मिठी मारली. दोघं भिजलो. म्हणाला, "तरी एक सांगतो. लॉइडला यातलं कळलं तर मी हे गाव सोडीन."

२२ ऑगस्ट, शुक्रवार

कान तपासून आलो. काचेच्या खोलीत बसवलं, कानांना मोठे भोंगे लावले, शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. मी बाहेरून बघत होते. मला काचेपलीकडून शिट्टी ऐकू येत नव्हती, पण तपासणाऱ्या मुलीचं बोट दिसत होतं. ती वाजवत होती, वाजवत होती, आणि डेल्मर बटणावर अंगठा ठेवून वाट बघत होता. परीक्षेला बसलेल्या मुलासारखा.

माझाच अंगठा आपोआप दाबला जात होता.

खडीच्या यंत्राने खाल्ले म्हणे कान. कानात घालायची यंत्रं आल्यावर बरंच परत येईल.

४ सप्टेंबर, गुरुवार

यंत्रं बसली! एवढीशी, शेंगदाण्याएवढी.

आता घरात राहणं कठीण झालंय. "फ्रिज एवढा ओरडतो?" "तू सूप असं पितेस? कायम?" "जिन्याची तिसरी पायरी बेडकासारखी का बोलते?" दुपारी अंगणात गेला आणि धावत परत आला — "आर्लिस, माझ्या चड्डीचा आवाज येतो!" कॉरड्रॉयची विजार होती. चालताना मांड्यांपाशी खसखस. म्हटलं, लग्नापासून येतो तो, डेल.

संध्याकाळी राणीपाशी गेला. मी चालू केली. बॉनेटपाशी उभा राहून डोळे मिटून ऐकलं. टाकीत सत्त्याऐंशी होतं, हे दोघांनाही माहीत होतं.

खूप वेळाने डोळे उघडले. "लोणी नाही," म्हणाला. "पण चांगला ब्रेड आहे."

आणि पट्टा सैल आहे म्हणाला. खरंच होता!

९ सप्टेंबर, मंगळवार

डेल्मरचा हट्ट — माझेही कान तपासायचे. म्हणतो, मी बोलतो तेव्हा तू उत्तर देत नाहीस, हे मी उगाच म्हणत नव्हतो. हसत हसत त्या काचेच्या खोलीत जाऊन बसले.

डावा ठणठणीत. उजवा अर्ध्याहून जास्त गेलेला! मुलीने विचारलं, "मिसेस हॅन्सकम, काम काय करत होता?" म्हटलं, टपाल वाटायचे. रस्त्याकडेच्या पेट्यांत टपाल टाकता यावं म्हणून उजव्या बाजूला बसून, हिवाळ्यातसुद्धा उजवी खिडकी उघडी. तिने मान डोलावली आणि लिहून घेतलं.

राणीत येऊन बसलो. मी स्टिअरिंगला, तो माझ्या उजवीकडे. उन्हाळाभर तो तिथेच बसला होता. किल्ली लावता लावता थांबले. संपूर्ण त्याच्याकडे वळले, डावा कान पुढे करून विचारलं, "डेल, पंपावरून परत येऊन मी बसले की तू खिडकीकडे बघून पुटपुटायचास. काय होतं ते?"

"पुटपुटत नव्हतो. तुलाच सांगत होतो. कोरीनच्या दुकानाच्या काचेत तुझं बोट लख्ख दिसायचं. म्हणायचो, मधलं दाबलंस, दाब, बघू कोण आधी हसतं. तू ढिम्म. मला वाटलं, काय पक्की बाई आहे!" मग टोपी काढून मांडीवर ठेवली. "फक्त त्या शुक्रवारी वेगळं म्हणालो होतो."

"काय?"

"खालचं नको, आर्लिस. उद्या मागे घोडे आहेत."